भीती रसायनाची, आजार फरशीवरचा: व्हिएतनाममधल्या एका मांसबाजाराचं प्रकरण

हे प्रकरण उत्तर व्हिएतनाममधलं, लाल नदीच्या त्रिभुज प्रदेशातलं आहे. हनोईपासून फार लांब नसलेलं एक तालुक्याचं गाव, तिथला रोजचा बाजार आणि त्या बाजाराला डुकराचं मांस पुरवणारा एक छोटा, रात्री चालणारा कत्तलखाना. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गावाचं नाव गाळलं आहे आणि काही बारकावे बदलले आहेत. कायदे, मोठे प्रकल्प, अभ्यास आणि साथी मात्र खऱ्या नावांनी आणि खऱ्या सालांसह आल्या आहेत.

पार्श्वभूमी

व्हिएतनामी घरात मांस म्हटलं की आधी डुकराचं मांस. देशात विकल्या जाणाऱ्या पोर्कपैकी साधारण चार-पंचमांश पारंपरिक बाजारात विकलं जातं. गिऱ्हाईक सकाळी लवकर येतं आणि रोज येतं. मांस कोमट हवं, बोटाने दाबलं तर पुन्हा वर यायला हवं, बोटाला जरासं चिकटायला हवं. थंड मांस म्हणजे कालचं, असा सरळ हिशेब. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे उभं राहून ‘समोर कापून द्या’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला यातलं काही समजावून सांगायला नको.

२०१५च्या सुमाराला देशभर अन्नाची भीती पसरली होती. डुकरं लवकर वाढावीत, मांस लाल आणि बिनचरबीचं दिसावं म्हणून खाद्यात साल्ब्युटामॉल मिसळलं जात असल्याच्या बातम्या रोज येत होत्या. हे दम्याचं औषध. जनावरांच्या खाद्यात त्याला बंदी. त्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय सभेत एका प्रतिनिधीने म्हटलं की पोटापासून स्मशानापर्यंतचा रस्ता इतका जवळचा कधीच नव्हता. ते वाक्य घराघरांत पोचलं.

कायदा नव्हता असं नाही. २०१०चा अन्नसुरक्षा कायदा १ जुलै २०११पासून लागू होता. त्याने जबाबदारी तीन मंत्रालयांत वाटली होती: आरोग्य, शेती, आणि उद्योग-व्यापार. आपल्या बाजारापुरतं बोलायचं तर ओट्यावरचं मांस शेती खात्याच्या पशुवैद्याकडे, बाजाराची इमारत व्यापार खात्याकडे आणि कुणाला जुलाब झाले तर तो रुग्ण आरोग्य खात्याकडे.

पैसाही आला होता. जागतिक बँकेच्या कर्जातून २००९मध्ये मंजूर झालेला ‘लिफसॅप’ हा पशुधन आणि अन्नसुरक्षेचा प्रकल्प १२ प्रांतांत चालला. त्यात हुंग येनसारखे लाल नदीकाठचे प्रांत होते. शेतकऱ्यांचे गट, चांगल्या पशुपालन पद्धतीचं प्रशिक्षण, कत्तलखान्यांची डागडुजी, शेकडो बाजारांचं नूतनीकरण अशी त्याची कामं. आपल्या बाजारातही फरशा बसल्या, ओटे उंच झाले, नळ आले. पुढच्या प्रकल्पाची टीम तिथे पोचली तेव्हा फरशा शाबूत होत्या. नळांपैकी काही कोरडे होते, कारण पाण्याचं बिल कोणी भरायचं हे ठरलंच नव्हतं.

अडचण

गिऱ्हाइकांना विचारलं तर उत्तर ठरलेलं: डुकरांना काहीतरी टोचतात, खाद्यात काहीतरी घालतात. आजारी पडण्याचा संबंध मांस हाताळण्याशी असेल, असं कोणी म्हणत नव्हतं. ‘मांस तर आम्ही नीट शिजवतो’ हे त्यावरचं पक्कं उत्तर.

अभ्यास वेगळं सांगत होते. २०१२ ते २०१७ या काळात आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्था, हनोईचं सार्वजनिक आरोग्य विद्यापीठ आणि व्हिएतनामचं राष्ट्रीय कृषी विद्यापीठ यांनी ऑस्ट्रेलियाच्या मदतीने ‘पिगरिस्क’ हा प्रकल्प चालवला. हुंग येनमध्ये बाजारातल्या मांसाच्या साधारण ४५ टक्के नमुन्यांत साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जीवाणू सापडला. रसायनांचे अवशेष बहुतेक नमुन्यांत परवानगीच्या मर्यादेत होते. जोखमीच्या गणितातून निघालेला अंदाज असा की पोर्कमुळे साल्मोनेलाचा आजार होण्याचं प्रमाण वर्षाला शंभर माणसांमागे सतरा-अठरा असावं. या आकड्याचा पट्टा फार रुंद आहे, एक टक्क्याच्या आतून थेट ४६ टक्क्यांपर्यंत. पुढे सभांमधून नुसता ‘सतरा टक्के’ फिरत राहिला आणि पट्टा मागे पडला, ही वेगळीच गंमत. आकडा कितीही हलला तरी दिशा हलत नव्हती: लोक घाबरत होते एकाला आणि आजारी पडत होते दुसऱ्यामुळे.

तो दुसरा कुठे जन्मतो हे बघायला रात्री कत्तलखान्यात जावं लागतं. एक मोठी खोली, सिमेंटची उताराची जमीन, कोपऱ्यात गरम पाण्याची चूल, एक हौद. डुक्कर जमिनीवर पाडतात, जमिनीवरच रक्त काढतात, तिथेच गरम पाणी ओतून केस खरवडतात आणि तिथेच पोट फाडतात. साल्मोनेला डुकराच्या आतड्यात मुक्कामाला असतो. डुक्कर धडधाकट दिसतं. सुरी जरा खोल गेली आणि आतड्याला चीर पडली की आतलं जमिनीवर सांडतं. मग बादलीभर पाणी मारून जमीन ‘स्वच्छ’ होते, म्हणजे तेच पाणी शेजारच्या धडाखाली जातं. दोन पावलांवर एक बाई आतडी धूत असते, त्याच हौदातल्या पाण्याने. सगळे भराभर काम करत असतात, कारण चारच्या आत माल मोटरसायकलवर चढला नाही तर सकाळचं गिऱ्हाईक जातं. शेवटी धडावर पशुवैद्यकीय शिक्का बसतो. तो निळा शिक्का खराच असतो. पण जनावर डोळ्यांना निरोगी दिसलं, इतकंच तो सांगू शकतो.

समोरचे पर्याय

जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या बैठकीत चार रस्ते मांडले गेले, आणि प्रत्येकाला कोणी ना कोणी वाली होता.

अधिकाऱ्यांना आवडणारा रस्ता म्हणजे छोटे कत्तलखाने बंद करायचे आणि सगळी कत्तल एका मोठ्या, आधुनिक केंद्रात न्यायची. कागदावर हाच सगळ्यात स्वच्छ. पण हनोईच्या आसपास उभ्या राहिलेल्या मोठ्या कत्तलखान्यांची गत सगळ्यांना माहीत होती: यंत्रं क्षमतेपेक्षा कितीतरी कमी चालत होती. घराजवळचा खाटीक कमी पैशात, हव्या त्या वेळी काम करून देतो, मग व्यापारी डुक्कर लांब कशाला नेईल? शिवाय बंदी घातली की कत्तल थांबत नाही, मागच्या अंगणात जाते.

दुसरा रस्ता शेतावरचा. २००८पासून देशात चांगल्या पशुपालन पद्धतीचं राष्ट्रीय मानक होतं आणि लिफसॅपमुळे गावात प्रशिक्षित शेतकऱ्यांचा गटही होता. तो वाढवावा, असं शेती खात्याचं म्हणणं. गटातले शेतकरी मात्र थंड होते, आणि त्यांचं कारण बिनतोड होतं. व्यापारी त्यांच्या डुकराला शेजाऱ्याच्या डुकराइतकाच भाव देत होता. कत्तलखान्यात दोन्ही डुकरं एकाच जमिनीवर पडत होती. नोंदवह्या भरून मिळालेली स्वच्छता मध्यरात्री दहा मिनिटांत संपत होती.

तिसरा रस्ता दंडाचा. तालुक्याला पशुवैद्य मोजके, बाजार बरेच. दंड झाला तर विक्रेतीला, कारण ती दिवसाउजेडी ओट्यावर सापडते. रात्री जमिनीवर काम करणाऱ्याला पकडायला कोण जाणार?

चौथा रस्ता चिल्लर वाटावा असा होता. ‘पिगरिस्क’नंतर आलेल्या ‘सेफपोर्क’ प्रकल्पाचा भर याच जातीच्या उपायांवर होता. कत्तलखान्यात पोलादी जाळीचा एक ओटा, म्हणजे धड जमिनीवरून उचललं जाईल. मळकं काम एका बाजूला, स्वच्छ काम दुसऱ्या बाजूला. विक्रेतींना मांस कापायला धुता येणारा पाट, जंतुनाशक, वेगवेगळी फडकी, ॲप्रन आणि थोडं प्रशिक्षण. याला इमारत लागत नव्हती, उद्घाटनाची फीत लागत नव्हती. बैठकीत त्याला उत्साह कमी मिळाला याचं तेही एक कारण असावं.

चौथा रस्ता निवडला गेला. गणित पटलं म्हणून तो निवडला, असं म्हणणं पूर्ण खरं होणार नाही. बाकीच्या तिघांना लागणारा पैसा किंवा माणसं नव्हती. आणि तो पडला तरी कोणाच्या नोकरीवर येणार नव्हतं.

काय केलं

पहिला पेच जाळीच्या ओट्याचा. मालकाला ओटा फुकट मिळत होता, तरी तो नको म्हणत होता. त्याला पैसे डुकरामागे मिळतात आणि चार वाजता दार बंद. एका जनावरामागे काही मिनिटं वाढली तरी रात्रीतून एक-दोन जनावरं कमी होतात. कामगारांची तक्रार वेगळी: ओलं, जड धड वर उचलायचं म्हणजे दोघं हवेत. टीमपुढे दोन वाटा होत्या. पूर्ण काम जाळीवर व्हायलाच हवं असा आग्रह धरायचा, किंवा अर्ध्यावर तडजोड करायची. त्यांनी तडजोड केली. रक्त काढणं आणि केस खरवडणं जमिनीवरच राहिलं. पोट फाडणं जाळीवर गेलं. आतड्याला चीर जाण्याची खरी भीती तिथेच, म्हणून ही निवड शहाणी होती. पुढे कामगारांच्या लक्षात आलं की वाकून काम करावं लागत नसल्यामुळे कंबर कमी दुखते. जाळी टिकली ती त्या कंबरेमुळे, साल्मोनेलामुळे नव्हे.

आतडी धुण्याची जागा हलवणं मात्र जमलं नाही. ते काम मालकाच्या नात्यातल्या बाईकडे होतं, त्याचे पैसे वेगळे होते आणि दुसरा हौद बांधायला जागा नव्हती. तो मुद्दा ‘पुढच्या टप्प्यात’ गेला आणि तिथेच राहिला.

दुसरा पेच फडक्याचा. बाजारात मांस विकणाऱ्या बहुतेक सगळ्या बायका. रात्री दोन-तीनला उठतात, दुपारपर्यंत माल संपवतात. प्रत्येकीच्या ओट्यावर एक फडकं असतं. त्याने मांस पुसायचं, सुरी पुसायची, हात पुसायचा आणि नोट घेऊन पुन्हा मांस पुसायचं. प्रशिक्षकाची पहिली सूचना होती, फडकं वापरूच नका. त्यावर एक ज्येष्ठ विक्रेती म्हणाली, ‘बाळा, ओलं मांस बघितलं की गिऱ्हाईक म्हणतं, पाणी टोचलंय.’ तिचं बरोबर होतं. वजन वाढवायला पाणी भरल्याच्या बातम्यांनी तेही भय पसरलेलं होतं. मग सूचना बदलली: मांसाला एक रंग, हाताला दुसरा, ओट्याला तिसरा, रोज उकळून वाळवायची. पहिली फडकी इतकी छान होती की बऱ्याच जणींनी ती घरी नेली. दुसऱ्या खेपेला साधी, स्वस्त, जास्त संख्येची फडकी आणली आणि ती ओट्यावर राहिली. दोन रंग टिकले, तिसरा गळाला.

प्रशिक्षणाची वेळ हाही निर्णयच होता. पहिली सभा कार्यालयीन वेळेत, सकाळी ठेवली गेली. अर्थातच कोणी आलं नाही. दुपारी दोननंतर ठेवल्यावर बायका आल्या आणि काही जणी बसल्या बसल्या झोपल्या. त्यातला एक प्रयोग मात्र जागं करणारा ठरला. न दिसणारी चमकदार पावडर मांसाच्या तुकड्याला लावली, नेहमीसारखी विक्री करायला सांगितली आणि मग जांभळा दिवा धरला. पावडर सुरीवर, तराजूवर, ॲप्रनवर, एकीच्या गालावर आणि नोटांच्या गठ्ठ्यावर चमकली. त्यानंतर पाट धुण्याबद्दल फार बोलावं लागलं नाही.

तिसरा पेच ओळखीचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. प्रशिक्षण घेतलेल्या विक्रेतीला पाटी द्यायची का? बाजार समितीला हवी होती. ज्या बायका आल्या नव्हत्या त्यांनी आरडाओरडा केला: त्यांचं सुरक्षित, म्हणजे आमचं काय विषारी? टीमलाही धाकधूक होती. पाटी लावायची तर तपासणी हवी, तपासणी कोण करणार, आणि उद्या पाटीखालच्या मांसात साल्मोनेला निघाला तर? म्हणून पाटी टाळून एका रंगाचे ॲप्रन दिले. गिऱ्हाईक हळूहळू ते ओळखील अशी अपेक्षा. थोड्याच दिवसांत बाकीच्यांनी तसेच ॲप्रन शिवून घेतले. बाजार एकसारखा आणि नीटनेटका दिसू लागला, पण फरक कोणाला कळेना.

मग फेब्रुवारी २०१९ उजाडला. व्हिएतनाममध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हरच्या पहिल्या नोंदी हुंग येन आणि थाई बिन्ह प्रांतांत झाल्या. हा रोग माणसाला होत नाही, पण वर्षअखेरपर्यंत देशभरात साठ लाखांच्या आसपास डुकरं मारावी लागली. सुरुवातीला गिऱ्हाईक भीतीने पळालं, नंतर माल आटला आणि भाव भडकले. ज्या पशुवैद्याने आठवड्याला कत्तलखान्यात फेरी मारायची होती तो डुकरं पुरण्याच्या कामावर गेला. विक्रेतींपैकी काही जणींनी कोंबडी विकायला घेतली. प्रकल्पाची नोंदवही या महिन्यांत जवळपास कोरी आहे. पुढच्या वर्षी करोना आला.

काय झालं

सगळं विस्कटूनही काही गोष्टी उरल्या. जाळीचा ओटा वापरात राहिला. बहुतेक विक्रेती पाट रोज धूत होत्या. मांसाच्या पृष्ठभागावरच्या एकूण जीवाणूंची संख्या उतरली, म्हणजे सर्वसाधारण स्वच्छता सुधारली. साल्मोनेलाबद्दल तितकं ठाम बोलता आलं नाही. तो कधी कमी, कधी पुन्हा वर. कत्तलखान्यातला एक हौद आणि एक सुरी साऱ्या बाजाराचा निकाल फिरवू शकते, त्यामुळे यात आश्चर्य नाही.

भाव वाढला नाही. स्वच्छ ओट्यावरच्या मांसाला कोणी जास्त पैसे दिले नाहीत. एकदोघींना नेहमीचं गिऱ्हाईक वाढल्यासारखं वाटलं. तेवढंच.

एक बदल मात्र कोणाच्याही आराखड्यात नव्हता. २०२१नंतर क्यूआर कोडने पैसे द्यायची सवय बाजारापर्यंत पोचली आणि ओट्यावर नोटा कमी झाल्या. पैशाला हात लावून मांसाला लावू नका, हे प्रशिक्षणात कितीदा तरी सांगून झालं होतं. ते काम एका चिकटवलेल्या कागदाने केलं. नोटा हा काही साल्मोनेलाचा मुख्य रस्ता नव्हे, पण हात धुण्याची आठवण मोडणारी गोष्ट ती होतीच.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट घरातल्या पाटाची. ‘पिगरिस्क’च्या गणितात आजाराच्या आकड्यावर सगळ्यात जास्त प्रभाव टाकणारा घटक होता घरची हाताळणी. व्हिएतनामी घरात उकडलेलं मांस पातळ काप करून ताटात येतं. ज्या पाटावर सकाळी कच्चं मांस कापलं त्याच पाटावर, त्याच सुरीने हे काप केले जातात. ‘नीट शिजवतो’ हे खरंच असतं. शिजल्यानंतर ते पुन्हा दूषित होतं. या प्रकरणात ग्राहक जागृतीला शेवटचा हप्ता ठेवला होता, आणि शेवटच्या हप्त्यापर्यंत साथ आली. मांस घेणाऱ्या प्रत्येकीला ओट्यावरच ‘शिजलेल्याला दुसरा पाट’ हे एक वाक्य विक्रेतीने सांगायचं ठरवलं असतं, तर त्याला वेगळा पैसा लागला नसता. ती विक्रेती त्या घरांना वर्षानुवर्षं ओळखते.

दुसरी पाटीची. टाळण्यामागची भीती समजते, पण न दिसणाऱ्या चांगुलपणाला बाजार भाव देत नाही. नाशिकच्या द्राक्षांचं उदाहरण इथे उपयोगी आहे. २०१०मध्ये क्लोरमेक्वाट या बागेत फवारल्या जाणाऱ्या रसायनाच्या अवशेषांवरून युरोपने आपली द्राक्षं अडवली, तेव्हा बागायतदार, निर्यातदार आणि शेतमाल निर्यातीचं काम बघणारी सरकारी संस्था अपेडा सगळे तपासणीच्या मागे लागले, कारण पलीकडे कंटेनर परत पाठवू शकणारा खरेदीदार होता. त्या निर्यातीसाठी ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदप्रणालीवर बागेपासूनचा माग ठेवता येतो. गावच्या बाजारात असा खरेदीदार नसतो. तो तयार करायचा तर शाळेचं स्वयंपाकघर किंवा कारखान्याची खानावळ हाताशी होती. हनोईच्या भोवती कारखाने भरपूर आहेत आणि त्यांच्या खानावळी रोज ठरलेला माल घेतात. अशी एक जरी खानावळ ‘जाळीवर फाडलेलंच मांस घेऊ’ म्हणाली असती, तर कत्तलखान्याच्या मालकाशी बोलणं वेगळ्या सुरात झालं असतं. या पर्यायाचा बैठकीत उल्लेखही झालेला नाही.

तिसरी, मालकाच्या हिशेबाची. ओटा फुकट दिला, पण हरवलेल्या मिनिटांचा हिशेब कोणी मांडला नाही. कत्तल तासभर आधी सुरू करून तेवढ्या तासाचं वीजबिल प्रकल्पाने काही काळ उचललं असतं, तर केस खरवडणंही कदाचित जाळीवर गेलं असतं. आतडी धुणाऱ्या बाईला दुसरा हौद मिळाला असता, तर तो त्या पोलादी ओट्याइतकाच कामाचा ठरला असता. तिला कुठल्याही सभेला बोलावलेलं दिसत नाही. ती विक्रेती नव्हती आणि कत्तलखान्याची कामगारही मोजली जात नव्हती.

चौथी, देखरेख कोणावर टांगायची याची. इथे ती तालुक्याच्या पशुवैद्यावर टांगली होती. २०१९मध्ये तो साथीत अडकला. आणि १ जुलै २०२५पासून व्हिएतनामने जिल्हा-तालुक्याचा हा मधला प्रशासकीय स्तरच रद्द केला, ६३चे ३४ प्रांत केले. हुंग येन आणि थाई बिन्ह एक झाले. बाजार समिती मात्र आहे तिथेच आहे, कारण ओट्यांचं भाडं रोज सकाळी तीच गोळा करते. पाट आणि फडकी बघायचं काम भाड्याच्या त्या फेरीला जोडता आलं असतं.